कारणाचा रकाना

गेल्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रातील तहसील कचेऱ्यांच्या दप्तरखान्यांत जी वर्दळ वाढली, ती पाहून एखाद्या मुरलेल्या कारकुनालाही नवल वाटले असते. कुणबी असल्याचा पुरावा मिळावा म्हणून लोक आपल्या खापरपणजोबांची नावे मोडीतील जीर्ण वह्यांतून हुडकू लागले आणि ज्याचे नावही विस्मृतीत गेले होते ते कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना क्रमांक १४, एकाएकी घरोघरच्या बोलण्यात आले. जन्म आणि मृत्यू यांची ती गावची वही. मयताचे नाव, वय, जात असे रकाने तिच्यात ओळीने येतात. शोधणाऱ्याचे बोट जातीच्या रकान्यावर स्थिरावते, मोडीचा जाणकार तेथील अक्षरे मोठ्याने वाचतो, नकलेचा अर्ज लिहिला जातो आणि वही मिटते. त्याच ओळीत आणखी एक रकाना असतो, मृत्यूच्या कारणाचा. त्याची नक्कल कोणी मागत नाही, कारण त्याच्या आधारे कोणाला कसला दाखला मिळत नाही. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतली माणसे कशाने मरतात, आणि सर्वच जण सारख्याच कारणांनी मरतात काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखकास पडला तेव्हा सुरुवात या उपेक्षित रकान्यापासूनच करावी असे वाटले.

इंग्रजी अमदानीत ही नोंद गावकामगारांच्या हातची होती. कोतवालाने वा पाटलाने घरोघरची खबर आणावी, ती वहीत टिपावी आणि तिचा गोषवारा वरच्या कचेरीत जावा असा शिरस्ता असे. मृत्यूचे मोजकेच वर्ग सरकारने ठरवून दिले होते: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, इजा, आणि यांपैकी कशातच न बसणारे ते सारे 'इतर'. मयताची नाडी कोणा वैद्याने पाहिलेली असेलच असे नव्हते. घरच्यांनी जे सांगितले ते ऐकून कोतवाल जो शब्द उच्चारी तोच कागदावर उतरे. पटकी आणि देवी ओळखावयास वैद्य लागत नसे. उरलेल्यांतील बहुतेकांच्या वाट्याला एकच शब्द येई, आणि तो म्हणजे ताप. मुंबई इलाख्याचे जुने आरोग्य-अहवाल चाळले तर वर्षामागून वर्षे मृत्यूंचा सर्वांत मोठा आकडा या दोन अक्षरांपुढेच मांडलेला आढळतो.

त्या दोन अक्षरांच्या पोटात काय काय दडलेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. भातलावणी आटोपून पाऊस ओसरू लागला म्हणजे डोंगरपायथ्याच्या वस्त्यांना गाठणारा हिवताप त्यात होता. विहिरीच्या पाण्यातून येणारा विषमज्वर होता. बाळंतिणीला पाचव्या-सहाव्या दिवशी चढणारा आणि सुईणीच्या न धुतलेल्या हातांशी नाते सांगणारा सूतिकाज्वर होता. आणि दररोज सायंकाळी अंगात कणकण आणून माणसाला वर्ष-दोन वर्षांत काडीसारखा करून टाकणारा क्षयही होता. १९१८ च्या पावसाळ्याच्या अखेरीस आलेली आणि आपल्याकडे मानमोडी या नावाने स्मरणात राहिलेली इन्फ्लुएन्झाची साथ, जिच्यात एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली, तीदेखील गावच्या वहीत पुष्कळ ठिकाणी निव्वळ ताप म्हणूनच नोंदली गेली असली पाहिजे. रकाना भरलेला होता, परंतु कारण लिहिलेले नव्हते.

जुन्या वहीतील या रोगांपैकी कित्येक आज हटले आहेत, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. भारत देवीमुक्त झाल्याचे १९७७ साली जाहीर झाले. १९५३ पासून घरांच्या भिंतींवर डी.डी.टी.ची फवारणी सुरू होऊन हिवतापाचे बळ खच्ची झाले. लस, प्रतिजैविके, मीठ-साखरेचे पाणी आणि नळ या चार साध्या वस्तूंनी जे घडविले, ते दुसऱ्या कशाने घडले नसते. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात भारतात जन्मलेल्या मुलाची सरासरी आयुर्मर्यादा अवघी बत्तीस वर्षे धरली जात असे. ती आता सत्तरीला पोचली आहे आणि महाराष्ट्रात तर सत्तरीच्याही थोडी पुढे गेली आहे. कुलाबा जिल्ह्याचे १९८१ साली रायगड असे नामकरण झाले तेव्हा येथील जी पिढी शाळेत जात होती, तिच्या आजोबांनी देवीचे व्रण तोंडावर वागविले होते आणि तिच्या नातवंडांना देवी म्हणजे काय ते समजावून सांगावे लागते.

आता आजचा रकाना पाहू. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाप्रमाणे मृत्यूची खबर एकवीस दिवसांच्या आत द्यावयाची असते, आणि खेड्यात ती घेणारा म्हणजे ग्रामपंचायतीचा ग्रामसेवक. त्याच्यापुढील छापील नमुन्यात मयताला तंबाखूचे, सुपारीचे, मद्याचे व्यसन होते काय आणि किती वर्षे होते, हेही विचारलेले असते. कायदा बारकाईने विचारतो यात शंका नाही. परंतु घरी झालेल्या मृत्यूपुढे वार्धक्य किंवा झटका यांखेरीज तिसरा शब्द सहसा येत नाही, आणि दवाखान्यातून येणाऱ्या प्रमाणपत्रावरही कित्येकदा कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट, म्हणजे हृदय व श्वसन बंद पडले, एवढेच असते. यावर एक अनुभवी वैद्य मिश्किलपणे म्हणत की, हृदय बंद न पडता मेलेला मनुष्य मी अद्याप पाहिलेला नाही. हृदय थांबणे हे मरणाचे कारण नव्हे, ते मरणच होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांनुसारही प्रमाणपत्रावर त्यामागचा मूळ विकार लिहावा लागतो. म्हणजे कोतवालाच्या 'ताप' या शब्दाने जे काम केले तेच काम हा इंग्रजी शब्द आज करीत आहे, इतकेच की त्याखाली पदवीधराची सही असते. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या ८१ लाख मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीय रीतीने प्रमाणित झाले होते. पाचांतील चार जण काय झाले ते न सांगताच गेले, असे म्हटले तरी चालेल.

हे अंधारातले चाचपडणे कमी व्हावे म्हणून २००१ पासून देशात एक निराळी पद्धत अवलंबिली गेली. निवडक गावांत आणि वस्त्यांत मृत्यू झालेल्या प्रत्येक घरी प्रशिक्षित गणक जातो, शेवटच्या आजारपणाची हकीकत नातलगांच्या तोंडून खोदून खोदून विचारतो आणि लिहून घेतो. ती हकीकत दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता वाचून आपापला निर्णय देतात. याला शाब्दिक शवचिकित्सा असे बोजड नाव आहे. वस्तुतः ती चांगल्या शेजारणीची चौकशीच होय: दुखणे कधी सुरू झाले, छातीत दुखत होते की पोटात, सूज होती का, कोणाला दाखविले, आणि तेथवर नेले कसे. अशा चौकशांच्या आणि इतर पाहण्यांच्या आधारे जे चित्र उभे राहिले, ते असे की १९९० मध्ये भारतातील शंभर मृत्यूंपैकी जवळजवळ ५४ मृत्यू संसर्ग, बाळंतपण, नवजात अवस्था व कुपोषण यांमुळे होत, ते २०१६ मध्ये २७.५ वर आले. आणि हृदयविकार, पक्षाघात, दमा, मधुमेह, कर्करोग या असंसर्गजन्य विकारांचा वाटा ३७.९ वरून ६१.८ वर गेला. या यादीच्या शिरोभागी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे दहा कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह आहे आणि एकतीस कोटींहून अधिकांचा रक्तदाब वाढलेला आहे.

पेणच्या बाजारपेठेतील पापड-पोह्यांच्या दुकानात बसणारा व्यापारी, रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कामगार, निवृत्त शिक्षक, कंत्राटदार हे सर्व या चित्रात अचूक बसतात, आणि या दोन्ही गावांतील औषधांच्या दुकानांत रक्तदाबाच्या व साखरेच्या गोळ्यांचा खप पाहिला तर निराळ्या आकडेवारीची गरजही भासू नये. परंतु तालुका म्हणजे तालुक्याचे ठाणे नव्हे. २०११ च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या मिळून साडेतीन लाखांहून अधिक भरली. त्यांतील पेण व रोहा-अष्टमी या दोन नगरपालिकांच्या हद्दीत साठ हजारांच्या आतबाहेर माणसे होती. उरलेली कोठे राहतात, हा प्रश्न भूगोलाचा वाटतो खरा, परंतु तोच आरोग्याचाही आहे.

धरमतरच्या खाडीपासून पूर्वेकडे जाऊ लागले म्हणजे प्रथम लागतो तो पेणचा खारेपाट: वाशी, वढाव, शिर्की, दादर, रावे, भाल इत्यादी आगरी-कोळी गावे, खारबंदिस्तीच्या बांधांनी समुद्र अडवून मिळविलेली भातजमीन, आणि उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली की एका रात्रीत खारी होऊन जाणारी शेते. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात वावरणाऱ्या या गावांना उन्हाळ्यात पिण्याचे पाणी नसते. त्याच तालुक्यातील हेटवण्याच्या धरणाचे पाणी जलवाहिनीने नव्या मुंबईस पोचते, आणि खारेपाटातील बाई हंडा घेऊन टँकरची वाट पाहत बसते. पाण्याच्या या टंचाईची परिणती हगवणीत आणि काविळीत होते, हे कोणालाही समजते. परंतु बांगलादेशाच्या किनाऱ्यावरील खाऱ्या पाण्याच्या प्रदेशात गर्भवती स्त्रियांची तपासणी झाली तेव्हा पिण्याच्या पाण्यातील क्षार आणि गर्भारपणातील वाढलेला रक्तदाब यांचा संबंध दिसून आला, ही गोष्ट आपल्या खारेपाटाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्या मुलखात सुकी मासळी हे वर्षभराचे कोरड्यास, त्या मुलखात तर विशेषच.

त्यानंतर मधला पट्टा, महामार्गाचा आणि कारखान्यांचा. याविषयी थोडक्यातच सांगतो. मुंबई-गोवा महामार्ग पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड असा या दोन तालुक्यांतून जातो. पनवेल ते इंदापूर या टप्प्याच्या रुंदीकरणाला २०११ च्या सुमारास हात घातला गेला आणि दहा वर्षे उलटली तरी ते काम पुरे झाले नाही, आणि त्या काळात वळणे, खड्डे व अर्धवट पूल यांनी कितीजणांचा घास घेतला ते या रस्त्याने गणपतीला जाणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याला ठाऊक आहे. नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल संकुलात ५ नोव्हेंबर १९९० रोजी झालेल्या स्फोटात तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्याच्या आदल्याच वर्षी जुलैत अंबा नदीच्या पुराने नागोठण्यात हाहाकार उडविला होता. अशा मृत्यूंची वार्ता होते, चौकशी होते, भरपाई जाहीर होते. ते मोठे असतात म्हणून नव्हे, एकदम होतात म्हणून.

आणि तिसरा, पूर्वेकडील डोंगर. विनोबांचे जन्मगाव गागोदे ज्या अंगाला आहे, त्या अंगाला आणि रोह्याच्या कुंडलिका खोऱ्याच्या दोन्ही कडांवर कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या विखुरल्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात पाडणे हा ज्यांचा पूर्वापार धंदा आणि म्हणून कातकरी हे ज्यांचे नाव, त्या जमातीची गणना सरकारने कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर राज्यातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींत केली आहे. २०११ साली त्यांची महाराष्ट्रातील संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती आणि तिचा मोठा हिस्सा रायगड व ठाणे या बाजूस आहे. जंगल सरकारजमा झाले, कात बंद पडला, आणि ही माणसे कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवर गेली. दिवाळीनंतर मुकादम वाडीत येतो, अंगावर पैसे देतो, आणि बायकामुलांसह बिऱ्हाड ट्रकात चढते, ते पावसाच्या तोंडाशी परत येते. या सहा-सात महिन्यांत अंगणवाडीतला आहार सुटतो, लसीची तारीख हुकते, गरोदर बाईची तपासणी राहते. आणि क्षयाचे औषध किमान सहा महिने अखंड घ्यावयाचे असते, ते नेमके दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तुटते. सरकारने क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये देण्याची तजवीज २०१८ मध्ये केली व पुढे ती रक्कम हजारांवर नेली, हे स्तुत्य आहे. पण ती रक्कम बँकेच्या खात्यात पडते आणि खातेदार भट्टीवर असतो.

२०१८ साली डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशातील आदिवासींच्या आरोग्याविषयी जो अहवाल सादर केला, त्यातील काही आकडे येथे देणे प्राप्त आहे. देशात आदिवासी सुमारे ८.६ टक्के, परंतु हिवतापाने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्मे मृत्यू त्यांचे. क्षयाचे प्रमाण इतर समाजात लाखात २५६, तर आदिवासींत ७०३. आयुर्मर्यादा इतरांहून सुमारे तीन वर्षांनी कमी. त्यानंतरच्या राष्ट्रीय पाहणीत पाचव्या वर्षाच्या आत दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण हजारी सुमारे ४२ भरले, आणि आदिवासींपुरते ५० च्या वर. म्हणजे जुन्या वहीतील जे रोग हटले असे आपण मघाशी म्हटले, ते सारेच हटले नाहीत. ते डोंगरावर गेले. बाजारपेठ विसाव्या शतकाच्या अखेरच्या रोगांनी मरते आणि तिच्यापासून दोन-तीन कोसांवरची वाडी अद्याप आरंभीच्या रोगांनी मरते. शतकाची दोन टोके एकाच तहसीलदाराच्या अंमलाखाली नांदतात, असे हे विलक्षण साहचर्य आहे.

तरीही रोगांची नावे निराळी आहेत एवढ्यावरच ही विषमता संपती तर औषधे पाठवून काम भागले असते. खरी मेख तेव्हा लक्षात येते जेव्हा रोग तोच असतो. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने तुंबली म्हणजे ती विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांत मिळावे लागते. प्रत्येक अर्ध्या तासागणिक हृदयाचा थोडा थोडा स्नायू कायमचा मरत असतो. पेण शहरातला मनुष्य छातीवर हात दाबून रिक्षात बसला तर दहा मिनिटांत उपजिल्हा रुग्णालयात आणि तेथून पुढे पाठविल्यास, रस्ता मोकळा असता, तासाभरात पनवेलच्या पलीकडच्या मोठ्या रुग्णालयांच्या दाराशी असतो. कोकण रेल्वे ज्या रोह्यापासून सुरू होते त्या रोह्याचा मनुष्य याच्या जवळजवळ दुप्पट अंतर तोडतो. आणि पेण तालुक्यात बोरगावच्या वर खवसावाडी, केळीची वाडी, काजूची वाडी अशा ज्या वाड्या आहेत, तेथील दुखणाईताला प्रथम झोळी लागते: एक बांबू, त्याला बांधलेली चादर, आणि खांदा देणारे पाळीपाळीने चार जण. झोळीची बातमी अलीकडच्या वर्षांतही वर्तमानपत्रांतून येत राहिली आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रात धावू लागली आणि तिने असंख्य जीव वाचविले. पण ती धावते डांबरावर. ज्या ठिकाणी डांबर संपते तेथे ती थांबते आणि तेथून पुढे बांबू सुरू होतो. तिन्ही माणसे गेली, तर तिघांच्याही कारणाच्या रकान्यात हृदयविकार असेच लिहिले जाईल.

सर्पदंशाचेही हेच आहे. आपल्याकडे साप चावला असे म्हणत नाहीत, पान लागले असे म्हणतात. नाव घेतले तर जनावर पुन्हा येते ही समजूत. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्यालाच गाठते, खाटेवरच्याला सहसा नाही. तिच्या दंशाला आग नसते, सूज नसते, कित्येकदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, शब्द अडखळतात, आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. या वेळी भगताकडे अंगारा घेण्यात गेलेला तास आणि झोळीत गेलेला तास, दोन्ही तासच असतात, परंतु पहिल्याची निंदा होते आणि दुसऱ्याची होत नाही. जमीन कोणाची, खाट कोणाची, हा प्रश्न येथे जीवशास्त्रात शिरतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली असा अंदाज आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये कृतिआराखडा काढून हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे ठरविले आहे.

असे ठरवून काही होते काय, अशी शंका ज्यांना येत असेल त्यांना याच जिल्ह्यातली एक हकीकत सांगितली पाहिजे. १९७६ साली मराठवाड्यातील एक तरुण डॉक्टर, हिम्मतराव बावस्कर, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीवर रुजू झाला. कोकणात लाल विंचू मुबलक. भाताच्या पेंढ्यात, कौलांत, चिऱ्यांच्या फटींत त्यांचे घर. विंचू उतरविणारे गावोगाव होते, आणि मुले मरत होती. दंश झालेले मूल घामाने डबडबते, हातपाय बर्फासारखे गार पडतात, आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून तोंडाला फेस येतो, हे बावस्करांनी रात्री-रात्री रुग्णाच्या उशाशी बसून, नाडी मोजून, टिपून ठेवले. हा निव्वळ वेदनेचा प्रश्न नसून विषामुळे शरीरातील विशिष्ट संप्रेरकांचा पूर लोटतो व त्याखाली हृदय कोलमडते, असे त्यांच्या ध्यानात आले. रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध तेव्हा उपलब्ध झालेले होते. १९८३-८४ च्या सुमारास त्यांनी ते विंचूदंशावर वापरले. पूर्वी गंभीर दंश झालेल्यांपैकी शंभरातील तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एक-दोनांवर आले. 'लॅन्सेट'सारख्या जगन्मान्य नियतकालिकाने महाडचे हे काम छापले, पुढे २०२२ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. सन्मानापेक्षा प्रस्तुत लेखकाला महत्त्व वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे: या शोधासाठी ना प्रयोगशाळा लागली ना निधी. ज्याला कोतवालाने 'इजा' किंवा 'इतर' म्हटले असते, त्या मृत्यूचे कारण एका माणसाने खरोखर विचारले, एवढेच घडले. आणि गोळी अशी सापडली की ती शेवटच्या आरोग्य केंद्राच्या कपाटातही ठेवता यावी. म्हणजे औषधानेच अंतर कापले.

स्त्रियांचे मरण त्या मानाने अबोल असते. बाळंतपणातील मृत्यूंबाबत महाराष्ट्राने केलेली प्रगती निःसंशय मोठी आहे. २०१८-२० च्या गणनेत एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशाची सरासरी ९७ असताना. परंतु राज्यातील निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि ज्या बाईचे हिमोग्लोबिन सातावर आहे तिला बाळंतपणात दोन पेले रक्त जाणे म्हणजे जीव जाणे. त्याखेरीज दोन सवयींचा उल्लेख करतो, कारण त्यांना कोणी रोग समजत नाही. एक मशेरी: तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून, चुरून, पहाटे दातांना लावायची. ती आगरी घरात आहे, कुणबी घरात आहे, वाडीत आहे. सासू सुनेला लावते, आणि गरोदरपणी मळमळते म्हणून ती दोनदा लावली जाते. २०१६-१७ च्या पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील चारांतील जवळजवळ एक प्रौढ मनुष्य धूरविरहित तंबाखू सेवन करतो. २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, मशेरीवर कशी येणार? ती कारखान्यात होत नाही. दुसरा आहे चुलीचा धूर. सिलिंडर घरात असतो, पण तो पाहुण्यांसाठी. भात आणि अंघोळीचे पाणी लाकडावरच. वीस-पंचवीस वर्षे या धुरात श्वास घेतलेल्या बाईला पन्नाशीत जो दम लागतो, त्याला घरात 'वय झाले' असे म्हणतात आणि वहीत वार्धक्य. (पेणच्या हमरापूर-जोहे भागातील गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती घासताना उडणाऱ्या प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीविषयीही कोणीतरी कधीतरी लिहावे, तिच्यात बसणाऱ्या बायकांची संख्या थोडी नाही.)

पैशाअभावी कोणी मरू नये म्हणून २ जुलै २०१२ रोजी जी जीवनदायी योजना प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. पुढे तीच महात्मा फुले यांच्या नावाने चालू आहे. अलिबागेत २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. या गोष्टी लहान नाहीत. तथापि योजनेचा लाभ घ्यावयाचा तर शिधापत्रिका लागते, शिधापत्रिकेला रहिवास लागतो, आणि कातकऱ्याची वाडी पुष्कळदा दुसऱ्याच्या नाही तर वनखात्याच्या जमिनीवर असते. जातीचा दाखला काढावयाचा तर पूर्वज ६ सप्टेंबर १९५० पूर्वी येथे राहत होते याचा कागद हवा. आणि तो कागद म्हणजे पुन्हा तीच मोडीतील वही, जिच्यात भटक्या कातकऱ्याच्या बापजाद्यांचा जन्म वा मृत्यू नोंदविण्याची तसदी क्वचितच कोणी घेतली होती.

शेवटी कायद्यातील एका कलमाचा निर्देश करणे अवश्य आहे, कारण त्यावाचून या दोन तालुक्यांचा कोणताही आकडा नीट वाचता येणार नाही. मृत्यूची नोंद मयताच्या गावी होत नाही. तो जेथे घडला तेथील दप्तरी होते. रोह्याच्या पेढीवरचे शेटजी कामोठ्याच्या किंवा परळच्या रुग्णालयात अखेरचा श्वास घेतात तेव्हा त्यांचा हृदयविकार पनवेलच्या अथवा मुंबईच्या खात्यावर मांडला जातो. नागोठण्याचा कामगार भाजून मुंबईस नेला जातो आणि तेथल्याच आकड्यात मिळतो. आणि वाडीतले तान्हे मूल कर्नाटकातल्या एखाद्या कोळसाभट्टीवर हगवणीने जाते, तेव्हा त्याला भट्टीपासून थोड्या अंतरावर पुरतात. तिथला ग्रामसेवक त्या बिऱ्हाडाला ओळखत नाही, मुकादमाला वहीची गरज नसते, आणि पावसाच्या तोंडाशी ट्रक परत येतो तेव्हा वाडीतल्या अंगणवाडीच्या पटावर ते मूल 'स्थलांतरित' या शेऱ्यासह तसेच असते.